सरकलेले शून्य

राजकीय बातमीत ‘दोन्ही बाजूंना’ सारखीच जागा दिली की ती निःपक्षपाती झाली, हा समज वाचकांइतकाच संपादकांच्याही मनात पक्का बसलेला आहे. या खोट्या समतोलामागे मोजमापाची एक चूक दडलेली आहे आणि ती मला विलक्षण रंजक वाटते.

मोजपट्टीचे टोक झिजलेले असेल, म्हणजे जिथून मोजायचे ते शून्यच सरकलेले असेल, तर प्रत्येक माप तेवढ्याच फरकाने चुकते, हे शाळेच्या प्रयोगशाळेत सर्वांनी पाहिलेले असते. बातमीत अंतरे मोजली जातात ती दोन बाजूंच्या मध्यापासून; तेच तिचे शून्य. समजा, एखाद्या प्रश्नावरील भूमिका ० ते १० अशा पट्टीवर मांडल्या आणि पहिला पक्ष ४ वर, दुसरा ६ वर आला. मध्य ५ वर येतो. दोघेही त्यापासून १ घर दूर. पुढे दुसरा पक्ष १० वर गेला, पहिला मात्र जागचा हललाही नाही. बातमीदार इमानाने पुन्हा मध्य काढतो, तो ७ येतो; आता दोघेही ३ घरे दूर दिसतात आणि ‘दोन्ही पक्ष टोकाला’ असा मथळा तयार होतो. म्हणजे एकाच्या सरकण्याचा अर्धा भार न हललेल्याच्या खात्यावर पडला. मध्य पक्षांच्याच जागांवरून काढल्यामुळे ही अंतरे कधीही सारखीच भरणार. तो सरासरीचा गुणधर्म आहे, त्यात बातमीदाराचे निरीक्षण कुठेच नाही.

भूमिका अशा एका पट्टीवर बसवणे ढोबळ आहे, हे मान्य. पण पडताळून पाहता येणाऱ्या विधानांना तरी पक्षांबाहेरचे शून्य, म्हणजे पक्ष हलले तरी न हलणारा पुराव्याचा बिंदू, मिळू शकते. ग्रहणाच्या चर्चेत खगोलशास्त्रज्ञासमोर ज्योतिषी बसवणाऱ्या वाहिन्यांना ते नकोच असते.

अमेरिकेतील २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वार्तांकनाचे विश्लेषण हार्वर्ड विद्यापीठाच्या शोरेन्स्टाइन या माध्यम-अभ्यास केंद्रासाठी टॉमस पॅटरसन यांनी केले. पदासाठीच्या पात्रतेविषयीच्या मजकुरात हिलरी क्लिंटन यांच्याबाबत ८७ टक्के सूर नकारात्मक निघाला, आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्याबाबतही ८७ टक्केच. अधिक पात्र कोण, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी इतक्या भिन्न व्यक्तींचे आकडे असे तंतोतंत जुळणे मला योगायोग वाटत नाही.

मग कोणत्या बाजूला किती तज्ज्ञ आहेत, हे खरे संख्याबळ बातमीत छापले की भागेल, असे वाटते. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेरेक कोहलर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच तपासले होते. एखाद्या विधानाशी किती अर्थतज्ज्ञ सहमत आणि किती असहमत, हे त्यांनी सहभागींना आकड्यांत दाखवले; काही जणांना त्यासोबत दोन्ही बाजूंच्या एकेका तज्ज्ञाचे म्हणणेही वाचायला दिले. आकडे सर्वांसमोर सारखेच होते. तरीही, जेथे तज्ज्ञांचे जवळपास एकमत होते तेथे, ती दोन मते वाचलेल्यांना ते एकमत इतरांपेक्षा कमी वाटले.