मराठवाड्यात 377 आलं कधी?

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींचे संमतीनं ठेवलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. भारतीय दंड संहितेतलं दीडशे वर्षांहून जुनं कलम 377 गेलं, असं तेव्हा सगळीकडे लिहिलं गेलं. मुंबई-पुण्यापुरता हा हिशेब बरोबर आहे. भारतीय दंड संहिता 1860 ची, 1 जानेवारी 1862 पासून लागू झालेली. पण तेव्हा लातूर, बीड, परभणी, नांदेड इंग्रजांच्या अमलाखाली नव्हतेच. निजामाच्या राज्यात दंडाचा कायदा वेगळा होता. बराचसा इंग्रजी संहितेवर बेतलेला, पण कलमांचे आकडे निराळे. खुनाला 302 नव्हे, 243 लागायचं. भारतीय दंड संहिता आपल्याकडे आली ती थेट 1951 मध्ये, 'ब' वर्ग राज्यांना, म्हणजे हैदराबादसारख्या जुन्या संस्थानांतून झालेल्या राज्यांना, केंद्राचे कायदे लागू झाले तेव्हा. म्हणजे संमतीच्या संबंधांवर 377 चा धाक मराठवाड्यात राहिला तो अवघी 67 वर्षं.

यावरून त्याआधी इथं मोकळं रान होतं असं कुणी म्हणू नये. निजाम सरकारनं फसली सन 1329 मध्ये, म्हणजे 1919 च्या सुमारास, हिजड्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. मुलं पळवण्याचा किंवा 'अनैसर्गिक गुन्ह्या'चा संशय असलेल्यांची नावं आणि राहण्याची ठिकाणं सरकारी वहीत चढवायची. हैदराबाद शहरात तर हे होतंच, सरकारला वाटेल तिथंही तो कायदा नेता येत होता. वहीत नाव असलेली व्यक्ती बायकी कपड्यांत, दागिने घालून रस्त्यावर दिसली तर वॉरंटशिवाय अटक, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत. हा साचा इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यातला. इंग्रजांचं राज्य नसतानाही त्यांची भीती उसनी आणली गेली ती अशी. तेलंगणात हा कायदा कागदावर टिकून राहिला. तिथल्या उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला जुलै 2023 मध्ये.

त्याच्या मागं गेलं की चित्र बदलतं. अठराव्या शतकात औरंगाबादेत सिराज औरंगाबादी हा सूफी शायर होऊन गेला. त्याच्या 'बोस्तान-ए-खयाल' या मसनवीत, म्हणजे दीर्घकाव्यात, विरहाचं दुःख आहे, आणि ज्याच्यासाठी तो झुरतो तो एक तरुण आहे. सूफी परंपरेत अशा प्रेमाला ईश्वरप्रेमाची पायरी मानत, त्यामुळे आजचा 'समलिंगी' हा शब्द त्याला जसाच्या तसा चिकटवणं बरं नव्हे. पण त्या काळी असं काव्य लपवून ठेवावं लागत नव्हतं, एवढं तर दिसतंच. तुळजापूरला लुगडं नेसून, कवड्यांची माळ घालून आईचा जोगवा मागणारे पुरुष आराधीही लोकांनी पाहिलेत. तोही मामला निराळा, भक्तीचा. तरी पुरुषानं लुगडं नेसलं की पोलीस बोलवावा, हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

377 मध्ये 'समलिंगी' हा शब्द कुठंच नव्हता. निसर्गक्रमाविरुद्धचा शरीरसंबंध एवढंच म्हटलं होतं, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत. प्रत्यक्ष खटले थोडे. कलमाचा खरा उपयोग धाक घालायला आणि पैसे उकळायला होई, आणि न्यायालयातल्या लढाईत हा मुद्दा वारंवार मांडला गेला. विचार मुळात इंग्लंडचा. तिथं 1967 मध्ये त्यांनी स्वतःचा कायदा सैल केला, इथं मात्र कलम तसंच राहिलं.

नव्वदच्या दशकात चळवळ उभी राहिली ती दिल्ली-मुंबईत, पुढं पुण्यात. मराठवाड्यात हा विषय आला तो एड्स नियंत्रणाच्या वाटेनं. सरकारी तक्त्यात 'एमएसएम' (पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष) असा रकाना आला आणि ज्यांना गावात फक्त 'बायल्या' म्हणून हाक मारली जाई त्यांची प्रथमच मोजदाद सुरू झाली. रोगाच्या रकान्यात का होईना.

पुढचा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं 377 मधून दिलासा दिला, डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो काढून घेतला. 2014 मध्ये तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता मिळाली, 2017 मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, आणि त्या पायावर 2018 चा निकाल उभा राहिला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्यात लिहिलं की या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासानं माफी मागायला हवी. त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या एका पोलीस शिपायाच्या लिंगबदल शस्त्रक्रियेची बातमी घरोघरी वाचली गेली. दोन्ही गोष्टी वेगळ्या, पण पारावरच्या गप्पांत त्यांची पार खिचडी झाली.

खिचडी का झाली तेही सरळ आहे. आपल्याकडे या विषयाला घरात शब्दच नाही. 'समलिंगी' हा पेपरातला शब्द, बाकीच्या शिव्या. पोरगा 'तसा' आहे असा संशय आला की वकील किंवा डॉक्टर कुणी गाठत नाही, सोयरीक शोधतात. दोनाचे चार हात झाले की सुधरंल, हा आईबापांचा विश्वास कोणत्याच निकालानं हललेला नाही. आणि त्यात जी दुसऱ्या घरची पोरगी आणली जाते तिचं काय, हा प्रश्न त्या बैठकीत कुणी काढत नाही.

17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि निर्णय संसदेवर सोपवला. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. 2018 नंतरही जबरदस्तीच्या गुन्ह्यांपुरतं 377 उरलं होतं, पण नव्या संहितेत तसं कलमच नाही. त्यामुळे पुरुषावर जबरदस्ती झाली तर कोणतं कलम लावायचं, हा नवाच पेच उभा राहिला. त्याच वर्षी केंद्रानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येईल, आणि रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातलं धरावं. सातबाऱ्याला मात्र अजून हात लागलेला नाही. जोडीदार वारला तर वारस म्हणून फेरफाराला नाव लागतं ते भावांचं, पुतण्यांचं. मृत्युपत्र करून ठेवलं असेल तरच काही, आणि पन्नाशीच्या आत मृत्युपत्र करणारा शेतकरी आमच्या भागात शोधूनच काढावा लागेल.