थरची वाळू आणि कच्छचं रण: गाडी घेऊन निघण्याआधी

थरचं वाळवंट आणि कच्छचं रण म्हणजे एकच, असं समजून पुष्कळांचा गोंधळ होतो. या गोंधळाचं मूळ शब्दात आहे. गुजरातीत 'रण' म्हणजे वाळवंट. सहारालाही तिकडे रणच म्हणतात. मग वाळूचे डोंगर बघायला म्हणून माणसं भुजपर्यंत गाडी हाणतात आणि धोर्डोला (रणाच्या कडेचं गाव) पोहोचल्यावर समोर काय, तर क्षितिजापर्यंत सपाट मीठ. वाळू हवी तर जैसलमेर गाठावं लागतं. तिथून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर समचे धोरे (वाळूच्या टेकड्यांना तिकडे धोरे म्हणतात) आणि नैर्ऋत्येला खुडीचे. मला विचाराल तर खुडी. समला संध्याकाळी जीप, उंट आणि डीजेची जत्राच भरते.

धोरे वाऱ्याने रचलेले. रणाखाली मात्र समुद्राच्या जुन्या आखाताचा गाळ आहे. पावसाळ्यात खाडीचं खारं पाणी आत रेटलं जातं, वरून नद्या येतात आणि सगळं उथळ तळं होतं. हिवाळ्यात पाणी आटतं, मीठ मागे राहतं. यातलीच एक नदी लुणी. ती अजमेरजवळ अरवलीत उगम पावते, थर ओलांडते आणि रणात येऊन संपते. म्हणजे ही दोन्ही ठिकाणं एकमेकांची शेजारीण आहेत, जुळी नव्हेत.

खरा फरक चाकाखाली कळतो. धोऱ्यावर चढायचं तर टायरची हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवतात. टायर पसरतो, गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. चढ सरळ घ्यायचा, तिरका घेतला तर गाडी कलंडते. रुतलात तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, फावड्याने चाकाभोवतीची वाळू काढा आणि आलेल्याच चाकोरीतून मागे घ्या. घाम निघतो, पण बहुतेकदा गाडीही निघते.

ही सवय घेऊन रणात उतरलात तर फसलात. वरून दिसतो तो मिठाचा कडक पापुद्रा. खाली काळा, ओला चिखल. तिथे फावडं मारलं की खड्ड्यात पाणी साचतं. ओढून काढायला आलेला ट्रॅक्टरही कधी कधी बसतो. म्हणून रणात नियम एकच: डांबर सोडायचं नाही. त्याने काही बुडतही नाही. खावडा ते धोलावीरा रस्ता जवळजवळ तीस किलोमीटर रणाच्या मधून जातो, दोन्ही बाजूंना ऋतूप्रमाणे पाणी किंवा मीठ. शिवाय पलीकडे धोलावीऱ्याचं हडप्पाकालीन शहर, 2021पासून जागतिक वारसा. धोर्डोच्या पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो, तो वाटेत भिरंडियाराला काढता येतो.

ऑक्टोबरमध्ये सुट्टी असेल तर जैसलमेरला जा, रणात तेव्हा पाणी असू शकतं. डिसेंबरनंतर दोन्ही जमतं: जैसलमेर, बाडमेर, सांचोर, राधनपूर, रापर करत धोलावीरा.

परतल्यावर वाळू महिनाभर गाडीच्या मॅटखालून निघत राहते, तिची घाई नाही. मीठ लागलं असेल तर मात्र दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्या.