सैनिकी वाहतूक हेलिकॉप्टर आणि त्याचे चालकदल

सैनिक, रसद, दारूगोळा, जखमी माणसे, प्रसंगी तोफ किंवा बुलडोझर धावपट्टी नसलेल्या ठिकाणी उचलून नेणाऱ्या हेलिकॉप्टरला सैनिकी वाहतूक हेलिकॉप्टर म्हणतात. हल्ल्याच्या किंवा टेहळणीच्या हेलिकॉप्टरपेक्षा ते साधारणपणे आकाराने मोठे असते. ठाणे जिल्ह्यातल्या लोकांना ते साधारणपणे दोन निमित्तांनी दिसते : मोठे नेते सभेला येतात तेव्हा, आणि उल्हास किंवा भातसा नदी पात्र सोडते तेव्हा. पहिल्या निमित्ताला गर्दी जमते, पण या यंत्राची आणि ते उडवणाऱ्यांची खरी कसोटी दुसऱ्या निमित्ताला लागते. ज्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच दिवशी त्याला उडणे सर्वांत अवघड असते.

भारतातील वाटचाल

हेलिकॉप्टरने युद्धक्षेत्रातून माणसे सोडवण्याचा पहिला प्रसंग भारताच्या सीमेलगतच घडला. एप्रिल १९४४ मध्ये अमेरिकी हवाई कमांडो गटाच्या एका छोट्या सिकॉर्स्की हेलिकॉप्टरने ब्रह्मदेशाच्या जंगलात अडकलेल्या जखमींना एकेक करून बाहेर काढले. त्या गटाचा तळ आसामात होता. भारतीय हवाई दलात पहिले हेलिकॉप्टर १९५४ मध्ये आले, तेही सिकॉर्स्कीचेच, एस-५५. १९६० च्या सुमारास सोव्हिएत एमआय-४ दाखल झाले. डिसेंबर १९७१ मध्ये याच एमआय-४ हेलिकॉप्टरांनी भारतीय सैन्याला मेघना नदीपलीकडे उतरवले. नदीवरचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवलेला असल्यामुळे ढाक्याचा रस्ता आकाशातून काढावा लागला. वाहतूक हेलिकॉप्टरने लढाईचा वेग बदलल्याचे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण आजही तेच आहे.

पुढे एमआय-८ आणि एमआय-१७ आले. सध्याचा मुख्य भार एमआय-१७ व्ही-५ या सुधारित प्रकारावर आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो रीतसर सेवेत आला आणि रशियाकडून एकूण १५१ हेलिकॉप्टर घेण्यात आली. त्याहून जड कामांसाठी आधी एमआय-२६ आणि मार्च २०१९ पासून १५ चिनूक आली, त्यांतली पहिली चंडीगडला दाखल झाली. देशी बनावटीचे ध्रुव लहान आहे, पण तिन्ही दलांत आणि तटरक्षक दलात वापरले जाते. नौदलाकडे सी किंग ४२-सी हा सैनिक वाहून नेणारा प्रकार आहे. मुंबई परिसराला सर्वांत जवळचा लष्करी हेलिकॉप्टर तळ नौदलाचाच, कुलाब्याचा आयएनएस शिक्रा. जानेवारी २००९ मध्ये त्याला हे नाव मिळाले, त्याआधी तो कुंजाली म्हणून ओळखला जाई.

वजनाचा हिशेब

एमआय-१७ व्ही-५ चे कमाल उड्डाण-वजन १३,००० किलो आहे. त्यात यंत्र, इंधन, चालकदल आणि माल असे सगळे आले. पोटात ४,००० किलोपर्यंत माल किंवा ३६ सैनिक मावतात. बाहेर दोराला लटकवून ४,५०० किलो नेता येते. हे आकडे माहितीपत्रकातले आहेत. जुलैतल्या दमट दुपारी किंवा उंच डोंगरावर ते तसेच्या तसे मिळत नाहीत, कारण हवा गरम, दमट किंवा विरळ झाली की रोटरला, म्हणजे फिरत्या पात्यांच्या चक्राला, उचलायला कमी हवा मिळते आणि इंजिनांची ताकदही घटते. त्यामुळे प्रत्येक फेरीपूर्वी कॅप्टनला ठरवावे लागते की इंधन जास्त घ्यायचे की माणसे. इंधन कमी घेतले तर जास्त माणसे उचलता येतात, पण हवामान बिघडल्यावर दुसरीकडे वळायला हात आखडतो. टीव्हीवर बचावकार्य पाहताना ‘अजून दोघे का नाही घेतले?’ असे वाटते तेव्हा उत्तर बहुधा या हिशेबात असते.

सर्वांत जास्त ताकद लागते ती हवेत एका जागी स्थिर उभे राहायला, म्हणजे हॉवरला. जमिनीलगत हॉवर करताना खाली दाबलेल्या हवेचा थोडा आधार मिळतो. झाडांच्या वर, वीस-तीस मीटरवर थांबून विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, माणूस उचलायचा तर तो आधार नसतो. पुढे वेग घेतला की भार हलका होतो. पुरात छपरांवरून माणसे काढणे म्हणजे नेमके जास्त वजन, कमी उंची आणि शून्य वेग यांचे एकत्र येणे होय.

रोटरखालच्या वाऱ्याकडे फारसे लक्ष जात नाही. एमआय-१७ चा मुख्य रोटर २१ मीटरहून थोडा जास्त व्यासाचा आहे, म्हणजे त्याखाली सुमारे ३५६ चौरस मीटरचे वर्तुळ येते. अकरा टनांचे यंत्र तेवढ्या वर्तुळावर तोलून धरायचे तर साध्या सैद्धांतिक गणिताने खाली ताशी ८० किलोमीटरच्या आसपासचा झोत तयार होतो. ठाणे जिल्ह्यातल्या पावसाळी घरांवर पत्रे असतात आणि पत्र्यांवर विटांनी दाबलेली ताडपत्री. त्या झोतात ताडपत्री उडून रोटरमध्ये गेली तर वाचवायला आलेलेच संकटात सापडतील. छपरावर बसलेल्या माणसाच्या हाताखालचा पत्रा सुटण्याची भीती वेगळीच.

चालकदल

बाहेरून पाहणाऱ्याला ‘पायलट’ दिसतो, प्रत्यक्षात काम संघाचे असते. एमआय-१७ मध्ये कॅप्टन, को-पायलट आणि फ्लाइट इंजिनिअर हे तिघे मुख्य. गरजेप्रमाणे फ्लाइट गनर आणि विंच सांभाळणारा असतो, आणि दोरावरून उतरणारे हवाई दलाचे गरुड किंवा अन्य कमांडो. फ्लाइट इंजिनिअर इंजिने, इंधन, हायड्रॉलिक दाब, तापमाने यांवर नजर ठेवतो आणि जमिनीवर असताना यंत्राची तपासणीही करतो. तळापासून दूर, शेतात उतरलेल्या हेलिकॉप्टरला मेकॅनिक तोच. २७ मे २०१९ रोजी फ्लाइट लेफ्टनंट पारुल भारद्वाज, फ्लाइंग ऑफिसर अमन निधी आणि फ्लाइट लेफ्टनंट हिना जयस्वाल यांनी एमआय-१७ व्ही-५ चे पहिले सर्व-महिला उड्डाण केले. वृत्तपत्रांनी वैमानिकांवर भर दिला. तिसऱ्या, हिना जयस्वाल, या हवाई दलाच्या पहिल्या महिला फ्लाइट इंजिनिअर होत्या आणि ती जागा भरली नसती तर हे उड्डाण ‘सर्व-महिला’ झालेच नसते.

नौदलाच्या सी किंगमध्ये विंच ऑपरेटर आणि पाण्यात उडी घेणारा डायव्हर यांचे महत्त्व मोठे असते. हॉवरमध्ये वैमानिकाला थेट पोटाखालचे काही दिसत नाही. दारात पट्ट्याने बांधून आडवा झालेला विंच ऑपरेटर हेडसेटवर ‘दोन मीटर पुढे, एक डावीकडे, स्थिर’ असे बोलत राहतो आणि वैमानिक त्या आवाजावर यंत्र हलवतो. त्या काही मिनिटांत पुढच्या काचेतून दिसणारे झाड किंवा खांब एवढीच वैमानिकाची खूण. दोराचा हूक आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्यावा लागतो, कारण फिरत्या रोटरमुळे यंत्रावर साठलेली स्थिर वीज पहिल्या स्पर्शाला झटका देते. ऑगस्ट २०१८ च्या केरळातील महापुरात चालकुडीला नौदलाच्या एका सी किंगने घराच्या गच्चीवर चाके नुसती टेकवून, सगळे वजन रोटरवर तोलून, २६ जणांना आत घेतले. गच्ची माणसांचा भार सोसते, हेलिकॉप्टरचा नाही, हे ओळखून घेतलेला तो निर्णय होता.

वायुदलाचे वैमानिक हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या हवाई दल अकादमीनंतर हकीमपेटच्या प्रशाळेत हेलिकॉप्टर शिकतात आणि नौदलाचे तमिळनाडूतल्या अरक्कोणमला, आयएनएस राजाळीवर. लष्कराच्या हवाई शाखेची प्रशाळा नाशिकला आहे. समुद्रावर उडणाऱ्यांना कोचीला पाण्याखाली उलटलेल्या केबिनमधून बाहेर पडण्याचा सराव करावा लागतो. हेलिकॉप्टरची इंजिने वरच्या अंगाला असल्याने पाण्यात पडताच ते बहुधा उलटते. ८ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या किनाऱ्यालगत नौदलाचे ध्रुव समुद्रात उतरवावे लागले, तेव्हा तिघेही सुखरूप बाहेर आले.

ठाणे आणि नवी मुंबई

२७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. नौदलाने डायव्हरांसह सी किंग पाठवले, हवाई दलाची एमआय-१७ ही निघाली. प्रवासी बाहेर आले ते मात्र मुख्यतः राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्यांमधून, आणि तेच योग्य होते. हजार माणसांना हवेतून न्यायचे तर तीसच्या आसपास पूर्ण भरलेल्या फेऱ्या लागल्या असत्या, रुळांवरच्या विजेच्या तारांच्या शेजारी. हेलिकॉप्टरने पाण्याचा फैलाव पाहून होड्यांना वाट दाखवली तरी त्याचे काम झाले. बातम्यांत हेलिकॉप्टर जास्त दिसले, एवढेच.

आठच दिवसांनी, ४ ऑगस्टला, चित्र उलटे होते. खडवलीजवळचे जू-नांदखुरी गाव पाण्याने वेढले गेले, लोक छपरांवर चढले आणि प्रवाहात होड्या टिकेनात. तिथे एमआय-१७ ने ५८ ग्रामस्थांना उचलून ठाण्यातल्या कोलशेतच्या हवाई दल केंद्रावर आणले. कोलशेतला धावपट्टी नाही, पण या यंत्राला ती लागत नाही. वाहतूक हेलिकॉप्टर कुठे वापरावे याचा धडा या दोन प्रसंगांमधल्या फरकात आहे : जिथे होडी पोचते तिथे होडी, आणि जिथे ती पोचत नाही तिथेच आकाश.

तिसरी शक्यता म्हणजे हेलिकॉप्टरही पोचत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात, पनवेलच्या पलीकडे, इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. हवाई दलाची हेलिकॉप्टर सज्ज होती, पण ढग आणि पावसामुळे उडू शकली नाहीत. वाडीवर जायला रस्ता नसल्याने यंत्रेही वर गेली नाहीत. नवी मुंबईतून आलेले सिडकोचे कामगार आणि अग्निशमनचे जवान पायवाटेने चढले आणि हातांनी ढिगारा उपसत राहिले. नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा चढतानाच मृत्यू झाला.

डोंगरात ढगात शिरणे का टाळतात, याचे उत्तर ८ डिसेंबर २०२१ च्या कुन्नूर दुर्घटनेत आहे. संरक्षणदलप्रमुख जनरल बिपिन रावत यांना घेऊन जाणारे एमआय-१७ व्ही-५ तिथे कोसळले. चौकशीत यंत्रातला बिघाड आढळला नाही. दरीत हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाचे दिशाभान हरपले आणि चालू स्थितीतले यंत्र डोंगराला धडकले, असा निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. ढगात डोळ्यांना क्षितिज दिसत नाही आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा खोटी साक्ष देते. भरवसा उपकरणांवरच ठेवावा लागतो, पण उपकरणांच्या भरवशावर सपाट मोकळ्या हवेत उडता येते, अरुंद दरीत नव्हे. त्यामुळे हवामानासाठी थांबलेल्या चालकदलाला ‘वेळेवर आले नाहीत’ म्हणणे सोपे असले तरी अन्यायाचे आहे.

हा परिसर वैमानिकांना हवामानाखेरीज आणखी एका गोष्टीने छळतो, ती म्हणजे तारा. पडघ्याचे मोठे उपकेंद्र, कळव्याचे वीज नियंत्रण केंद्र आणि खाडी ओलांडून ऐरोलीकडे जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्या यांचे जाळे सगळीकडे आहे. मनोरा लांबून दिसतो, तार पावसात शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. म्हणून चालकदल मनोऱ्याच्या डोक्यावरूनच ओळ ओलांडते, दोन मनोऱ्यांच्या मधून नाही. पारसिकचा डोंगर, येऊर, मलंगगडाची रांग आणि घोडबंदर रस्त्याकडेचे उंच टॉवर मिळून खाली उडण्याची मोकळी वाट अरुंद होत चालली आहे.

जमिनीवरच्यांनी काय करावे

हेलिकॉप्टर नागरी कामासाठी आपणहून येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी राज्याच्या आपत्ती यंत्रणेमार्फत मागणी करावी लागते आणि ‘अमुक गाव बुडाले’ एवढे पुरत नाही. नेमके स्थान, किती माणसे, त्यांत चालू न शकणारे किती, जवळ तारा आहेत का आणि उतरण्याजोगी कोरडी जागा कुठे, हे सांगितले तर पहिली फेरी शोधण्यात वाया जात नाही. गावातल्या शाळेचे मैदान बहुधा सोयीचे असते. तिथले सुटे पत्रे, मंडपाचे कापड, प्लास्टिक आणि खुर्च्या आधी हलवाव्यात. वाऱ्याची दिशा कळायला काठीला बांधलेले कापड किंवा ओल्या गवताचा धूर पुरतो. यंत्राजवळ समोरून किंवा बाजूने, वैमानिकाच्या नजरेत राहून आणि त्याने किंवा दारातल्या जवानाने खूण केल्यावरच जावे. मागच्या छोट्या रोटरकडे कधीही जाऊ नये, कारण फिरताना तो डोळ्याला दिसत नाही. छत्री मिटलेली असावी आणि लहान मुले कडेवर घेतलेली. विंचचा पट्टा अंगात घातल्यावर हात वर न करता दोन्ही बाजूंना घट्ट ठेवायचे, कारण हात वर गेले की माणूस पट्ट्यातून खाली निसटू शकतो.