इंडी गायक-गीतकार

स्वतःची गीते स्वतः लिहून, त्यांना चाली बांधून ती स्वतःच गाणारा आणि बड्या रेकॉर्ड कंपन्यांशी करारबद्ध नसलेला कलावंत. साथीला बहुधा गिटार किंवा पियानो एवढेच असते.

या परंपरेचा उगम वादग्रस्त आहे. काही अभ्यासक तो दक्षिण फ्रान्समधील त्रुबादूर कवींपर्यंत मागे नेतात. ज्याच्या रचना उपलब्ध आहेत असा सर्वांत जुना त्रुबादूर म्हणजे अ‍ॅक्विटेनचा ड्यूक नववा विल्यम (१०७१–११२६). तथापि त्रुबादूरांच्या रचना पुष्कळदा पेशेवर गवई गात, म्हणजे रचणारा आणि गाणारा एकच असे नेहमी नव्हते. दुसरे मत ध्वनिमुद्रणाच्या काळाकडे बोट दाखवते: १९३६-३७ मध्ये ज्याची गाणी ध्वनिमुद्रित झाली तो ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) गायक रॉबर्ट जॉन्सन आणि लोकगायक वुडी गथ्री (१९१२–६७) हे त्यातील ठळक दाखले. रचना आणि रचणाऱ्याचा आवाज यांची सांगड श्रोत्याच्या मनात कायमची बसायला ध्वनिमुद्रिकाच लागली असावी, हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. गायक-गीतकार ही वेगळी ओळख मात्र साधारणतः १९६० नंतरच रूढ झाली.

‘इंडी’ (‘इंडिपेंडंट’ म्हणजे स्वतंत्र, याचे लघुरूप) हे विशेषण मुळात व्यापारातले. मँचेस्टरच्या बझकॉक्स या वाद्यवृंदाने जानेवारी १९७७ मध्ये उसन्या पैशांवर स्वतःची ध्वनिमुद्रिका काढली. हा आरंभीचा प्रभावी प्रयोग मानतात. ब्रिटनमध्ये १९८० मध्ये सुरू झालेल्या इंडी खपाच्या यादीचा निकष बड्या कंपन्यांपासून स्वतंत्र वितरण एवढाच होता, शैलीचा नव्हे. म्हणूनच पुढे पॉप गायिका कायली मिनोग हिच्या नृत्यगीतांनाही त्या यादीत जागा मिळाली.

घरगुती ध्वनिमुद्रणाला खरी चालना दिली ती टास्कॅम कंपनीच्या पोर्टास्टुडिओ या कॅसेट-ध्वनिमुद्रण यंत्राने (१९७९). साध्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक (ध्वनी स्वतंत्रपणे भरण्याच्या पट्ट्या) हे यंत्र एकाच दिशेने वापरी व फीत दुप्पट वेगाने चालवी. गिटार, आवाज, पुन्हा आवाज असे तीन ट्रॅक भरले की ते चौथ्यावर एकत्र उतरवून पहिले तीन मोकळे करता येत; मात्र प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढे. अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने ‘नेब्रास्का’ (१९८२) हा अल्बम घरी अशाच यंत्रावर मुद्रित केला. प्रकाशित केला तो कोलंबिया या बड्या कंपनीने. तेव्हा नाद घरगुती म्हणजे कलावंत स्वतंत्र, हे समीकरण टिकत नाही.

आवाजातील जवळीक बरीचशी मायक्रोफोनची करणी असते. दिशानिष्ठ (मुख्यतः एकाच दिशेचा आवाज टिपणाऱ्या) मायक्रोफोनला ओठ टेकवून गायले की खालचे स्वर भरदार होतात आणि कुजबुजही स्पष्ट उमटते. गिटारच्या तारा वेगळ्या जुळवण्याची पद्धतही या गायकांत दिसते. डी-जी-डी-जी-बी-डी अशा जुळणीत एकही तार न दाबता जी मेजर हा स्वरमेळ वाजतो. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे डावा हात दुबळा राहिलेल्या गायिका-गीतकार जोनी मिचेलने अशा अनेक जुळण्या वापरल्या.

कलावंताला आपले संगीत स्वतः विकता येणाऱ्या बँडकॅम्पसारख्या ऑनलाइन मंचांमुळे २००८ पासून थेट विक्री सोपी झाली. रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा असे दोन वेगळे हक्क असतात. इंडी गायक-गीतकाराच्या बाबतीत ते बहुधा एकाच व्यक्तीकडे राहतात, त्यामुळे चित्रपट वा जाहिरातीसाठी परवानगी एकाच ठिकाणी मिळते. गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय या ऑनलाइन सेवेने २०२४ पासून, मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या हक्काचे मानधन देणे बंद केले. त्याचा फटका प्रामुख्याने नवोदितांना बसतो.