ट्रेडिंग कार्डातली गुंतवणूक आणि सट्टा

खेळाडूंची, पोकेमॉनची नाहीतर तसल्याच खेळांची छापील कार्डं पुढं महागतील म्हणून वर्षानुवर्षं जपून ठेवणं ही झाली गुंतवणूक. आज घेऊन महिन्याभरात भाव चढला की काढून टाकणं, किंवा आत भारी काहीतरी निघेल म्हणून पाकिटावर पाकीट फोडत बसणं, हा सरळसरळ सट्टा. कोल्हापुरात दोन्ही करणारी पोरं आहेत. पोकेमॉनवाली आहेतच, आणि फुटबॉलची कार्डं इथं कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या संघांची मॅच ज्यानं बघितलीय त्याला खेळाडूच्या फोटोची किंमत कळते.

भाव येतो तो मुळात कार्डं थोडीच उरल्यामुळं, छापलीच कमी नाहीतर लोकांनी टाकून दिली म्हणून. होनस वॅग्नर या बेसबॉलवाल्याचं १९०९-११ मधलं कार्ड सिगारेटच्या पाकिटातनं यायचं, पण ते छापणं लवकरच थांबलं, त्यातलं एक २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला गेलं. त्याच वर्षी टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या सेटमधलं मिकी मँटल या बेसबॉलवाल्याचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं, आणि त्याच सेटचा न खपलेला माल कंपनीच्या साय बर्गरनी १९६० मध्ये समुद्रात नेऊन टाकला होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. उलट १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत प्रत्येकानं पुढं पैसे होतील म्हणून खोकीच्या खोकी साठवली, कंपन्यांनीही बेसुमार छापली, आज त्यातल्या बहुतेक कार्डांना कोण विचारत नाही. म्हणून जे सगळेच जपतायत त्यात पैसे घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट कार्डाची अवस्था. पीएसए ही कंपनी १९९१ पासून कार्ड तपासून १ ते १० ग्रेड देते आणि प्लास्टिकच्या डबीत सील करते, त्याला स्लॅब म्हणतात. छपाई मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग कसा आहे हे मुख्यतः बघतात, पण ९ आणि १० च्या किमतीत कैक पटींचा फरक पडू शकतो. लहानपणी बिग फन बबलगमची क्रिकेटची कार्डं आम्ही रबर लावून ठेवायचो, परवा गठ्ठा सोडला तर वरच्या कार्डाच्या दोन्ही कडांना बारीक खाचा पडलेल्या, ग्रेडिंगला असली खाच चालत नाही. आपल्याकडचा पाऊस तर आणखी वाईट, चमकी कार्डाचा कागद ओल धरतो, चमकीचा थर धरत नाही, मग जुलैत कार्ड वाकतंच. स्लीव्ह (पातळ प्लास्टिकची पिशवी), टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं कव्हर) आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढं तरी पाहिजेच.

लॉकडाऊनमध्ये तेजी इतकी आली की मार्च २०२१ मध्ये पीएसएनं बऱ्याचशा ग्रेडिंग सेवांसाठी नवीन कार्डं घेणंच थांबवलं. पुढं २०२२ मध्ये भाव उतरले आणि वरच्या भावानं घेतलेले अडकले.

इथल्या माणसाची खरी अडचण विकताना येते. सोनं घेऊन सराफांच्या गुजरीत गेलं की रेट ठरलेला, संध्याकाळपर्यंत पैसे हातात. कार्डाचं तसं नाही, गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं नाहीतर परदेशातलं शोधावं लागतं, कुरिअर, ग्रेडिंगची फी, कस्टम सगळं वजा जातं. भाव बघताना सुद्धा लोक किती मागतायत ते बघू नका, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलंय ते बघा.

आणि खोट्या मालाचं काय सांगावं, खेळण्यांच्या दुकानात सोनेरी प्लास्टिकची पोकेमॉन कार्डं मिळतात ती गुंतवणूक नव्हेत, पोरांना खेळायला द्या. कागदी पोकेमॉन कार्ड असेल तर कडेनं बारीक बघा, खऱ्याच्या जाडीत मधोमध काळपट रेघ असते, आणि मागनं मोबाईलचा टॉर्च धरल्यावर उजेड भसाभसा आरपार आला तर घेऊ नका.