दुसऱ्या कट चहानंतर बोलायचं

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला इंदूरच्या कुठल्याही मोठ्या चौकात जाऊन बघा. गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, रात्रभर फिरून गेलेल्या असतात, सफाईवाल्यांनी निम्मा रस्ता झाडूनही टाकलेला असतो, आणि पोह्याच्या ठेल्याभोवती सात-आठ खाकीतले लोक नुसते उभे असतात. गेल्या वर्षी माझ्याशेजारी जिलबी बांधून घेणारे एक गृहस्थ म्हणाले, "बघा, चहा आणि गप्पा. पगार कशाचा घेतात कोण जाणे!" मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलेलं. तिथेच त्यांना कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक समजावायला लागलो. जिलबी गार होतेय असं सांगून ते सटकले. रात्रभराच्या बंदोबस्तानंतरच्या या चहा-गप्पांचा ताण उतरण्याशी काय संबंध, हे त्यांना सांगायचं राहिलं, ते इथे सांगतो.

आधी एक आकडा. भारतातल्या पोलीस व्यवस्थेवरच्या २०१९च्या एका मोठ्या पाहणीत पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात असं निघालं. १८६१च्या पोलीस कायद्याचं बाविसावं कलम तर सांगतं की पोलीस कर्मचारी सदैव कामावरच आहे असं समजावं. शरीराला मात्र हे कलम ठाऊक नाही. त्याला ताण चालू करायची यंत्रणा हवी, तशीच बंद करायचीही हवी.

बंद करायची यंत्रणा हा माझा जुना जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा जरा सबुरीनं घ्या. अंगावर दगड आला की पहिल्या काही सेकंदांत ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते. त्यामागून एक संथ साखळी हलते. मेंदूच्या तळाशी असलेलं हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला निरोप देतं, पियुषिका रक्तावाटे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना कळवते, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. रक्तातलं त्याचं प्रमाण टिपेला पोचायला वीस ते तीस मिनिटं लागतात. गंमत पुढे आहे. हेच कॉर्टिसॉल मेंदूत परत जातं आणि स्वतःचाच नळ बंद करतं. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, टाकी भरत आली की पाण्यानेच फ्लोट उचलला जातो आणि येणारी धार थांबते, अगदी तसं.

या फ्लोटमध्येही दोन तऱ्हा आहेत. उंदरांच्या मेंदूत कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकाला धरणारे दोन प्रकारचे ग्राही असतात, हे १९८५मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं. एक प्रकार इतका अधाशी की ताण नसतानाही तो बहुतेक भरलेला असतो. दुसऱ्याची पकड सुमारे दहापट सैल, म्हणून तो संप्रेरक वाढल्यावरच भरतो. 'आता पुरे' हा निरोप मुख्यतः दुसऱ्याकडून जातो. दोन्हींचा तोल बिघडला की टाकी वाहत राहते, किंवा अर्धीच भरून नळ बंद होतो. माझे विद्यार्थी इथेच जांभया द्यायचे, म्हणून आवरतो.

अडचण अशी की फ्लोट कितीही चांगला असला, तरी माणूस नळाशीच उभा असतो. दगड पहाटे तीनला आला आणि गेला, पण सहा वाजता तोच प्रसंग डोक्यात पुन्हा घडत असेल तर हायपोथॅलॅमस पुन्हा निरोप धाडू शकतं. आठवण आणि घटना यांत ते फारसा भेद करत नाही.

इथे सोबती येतो. गिनीपिगच्या पिल्लाला अनोळखी पिंजऱ्यात एकटं ठेवलं की त्याचं कॉर्टिसॉल चढतं, आई शेजारी असेल तर कमी चढतं. म्हणजे सोबत असली की निरोप मुळातच हळू आवाजात जातो. माणसांवरचा प्रयोग २००३मधला. ३७ निरोगी पुरुषांना परक्या परीक्षकांपुढे भाषण आणि तोंडी गणितं करायला लावली. तयारीच्या वेळी ज्यांच्याजवळ जिवलग मित्र होता, त्यांचं कॉर्टिसॉल कमी चढलं. मित्रानं गणितं सोडवून दिली नव्हती. तो फक्त जवळ होता.

मला सगळ्यात आवडतो तो २००४मधला जपानी संशोधकांचा उंदरांवरचा प्रयोग. घाबरलेल्या उंदराशेजारी दुसरा उंदीर ठेवला की भीती ओसरते. पण तो दुसराही घाबरलेला असेल तर दिलासा कमी मिळतो, शांत असेल तर जास्त. पोलीस म्हणजे उंदीर नव्हेत, हे मान्य. तरी त्या ठेल्यापाशी बघा. एकाच दंग्यातून आलेले दोघे समोरासमोर बसले तर तेच ते उगाळतात, आणि मैत्रीतलं असं उगाळणं ताण वाढवतं असंही दिसलं आहे. रात्री दुसऱ्याच नाक्यावर असलेला एखादा जुना प्रधान आरक्षक, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, येऊन बसला की बोलणं पुढे सरकतं. त्यालाही नोकरी ठाऊक आहे, पण ती रात्र त्याच्या अंगावर नाही.

मग हे सक्तीचं करून टाकावं का? तसं करून झालं आहे. अमेरिकेत १९८३पासून एक पद्धत रूढ झाली: मोठी घटना घडली की एक-दोन दिवसांतच सगळ्यांना गोल बसवायचं आणि काय झालं, काय वाटलं ते बोलून घ्यायचं. ऐकायला छान. पण २००२मध्ये अशा एकाच बैठकीच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तिच्यामुळे पुढचा मानसिक आजार टळतो असं दिसलं नाही. भाजलेल्या रुग्णांवरच्या एका चाचणीत तर ज्यांना बोलतं केलं, त्यांची अवस्था वर्षभरानं उलट वाईट होती. एक शक्यता अशी की ताणाची संप्रेरकं आठवणी घट्ट करतात, आणि जखम ओली असताना हुकमानं केलेली उजळणी ती आठवण कोरून ठेवते. शिवाय ठाण्याचे प्रमुख टीआय साहेब गोलात बसलेले असताना खरं कोण बोलणार?

आता दोन शब्द भलत्या उपायांबद्दल. सलग तीन रात्री वाईट गेल्या की कुणीतरी साडेसाती काढतं आणि शनिवारी तेल वाहायला जातात. दोघं-तिघं मिळून जातात आणि येताना कचोरी खातात. फरक पडलाच तर तो मी कचोरीच्या खात्यावर मांडीन, शनीच्या नव्हे. मोबाइलवर दिसणारी 'कॉर्टिसॉल डिटॉक्स' चूर्णं त्याच पंक्तीतली. कॉर्टिसॉल विष नाही. ते बनणं थांबलं तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो.

आणि चहा हे औषध आहे असंही मी म्हणत नाही. कॅनडातल्या माँट्रियलच्या पोलिसांनी १९९७मध्ये आत्महत्या रोखण्याचा कार्यक्रम सुरू केला. सगळ्यांना प्रशिक्षण, ताणाची लक्षणं ओळखायला वरिष्ठांची वेगळी तयारी, आणि फोनवर ऐकून घ्यायला दलातलेच स्वयंसेवक. पुढच्या बारा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण ७९ टक्क्यांनी घटलं, त्याच क्वेबेक प्रांतातल्या बाकीच्या पोलिसांत तशी घट दिसली नाही. दोस्ती होतीच, पण तिच्या मागे व्यवस्था उभी होती. आपला जोडीदार झोप उडाल्याचं, जगण्यात राम नसल्याचं बोलू लागला तर ते गप्पांत जिरवू नये. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक त्यासाठीच आहे, फुकट आहे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त प्रधान आरक्षक राहतात. त्यांना मी विचारलं, काका, रात्रीच्या बंदोबस्तानंतर नव्या पोरांशी तुम्ही काय बोलायचात? म्हणाले, "काही नाही. पहिल्या कट चहाला विचारायचंच नाही. दुसरा कट मागवला की पोरगा आपणहून बोलतो." मी हरखलो. दोन कट म्हणजे वीस मिनिटं, कॉर्टिसॉल टिपेवरून उतरायला लागायची वेळ! ओढूनताणून का होईना, हिशेब जुळत होता. मी तो त्यांना समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तसं असेलही," ते म्हणाले. "पण पहिला कट फार गरम असतो हो. तोंड भाजतं."