सातवाहनांआधी भीमाकाठ ओसाड होता?

सोलापूरकडे हमखास ऐकू येतं: सातवाहनांच्या आधी इकडे नुसतं दंडकारण्य, माणूस औषधालाही नव्हता. चूक. पंढरपुरावरून वाहणाऱ्या याच भीमेच्या खोऱ्यात, वर घोडनदीकाठी इनामगावला इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात शेतकरी नांदत होते. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात घरं, पाण्याचा कालवा आणि घरातच पुरलेली माणसं सापडली; बहुतेक प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडलेले! का, यावर तर्कच चालतात.

त्याहून कितीतरी जुनं, भीमेच्याच खोऱ्यातलं कुकडी नदीकाठचं बोरी गाव. तिथल्या दगडी हत्यारांजवळची ज्वालामुखीची राख कुणी १४ लाख वर्षांपूर्वीची मानतं, कुणी इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीच्या स्फोटाची, म्हणजे जेमतेम ७५ हजार वर्षांची. हत्यारं घडवणाऱ्यांची हाडं मात्र तिथे मिळालेली नाहीत.